एचपीव्ही आणि पुरुषांचं वंध्यत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा फोटो, मधूनच एखादा नवस, एखादा बाबा. नवऱ्याची वीर्य तपासणी सगळ्यात शेवटी, तीही तो तयार झाला तर. अलीकडे या सगळ्यात एचपीव्ही या नावाची भर पडली आहे. बायकोच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीत ते निघतं, नाहीतर नवऱ्याला जांघेत चामखीळ येते, नाहीतर नागपूरच्या एखाद्या वंध्यत्व केंद्रात कोणीतरी बोलता बोलता उल्लेख करतं, आणि घरी आल्यावर दोघांचीही झोप उडते. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. काही विचारणाऱ्यांच्या बोलीतच ठेवले आहेत.

एचपीव्ही म्हणजे नेमकं काय? एचआयव्हीच ना?

नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. नावातल्या अक्षरांमुळे घोटाळा होतो आणि माणूस उगीच खचतो, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. तो त्वचेत आणि शरीराच्या आतल्या ओलसर अस्तरात राहतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर येणारी साधी चामखीळही याच कुळातल्या विषाणूंमुळे येते. साधारण 40 प्रकार जननेंद्रियांच्या भागात वाढतात. त्यातले 6 आणि 11 या क्रमांकाचे प्रकार तिथल्या बहुतेक चामखिळींना कारण असतात, तर 16 आणि 18 हे कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के या दोघांमुळे होतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं.

हा तर बायकांचा आजार आहे. पुरुषांना कसा होईल?

बायकांमध्ये त्याचे परिणाम जास्त गंभीर होतात, म्हणून नाव बायकांशी जोडलं गेलं. विषाणू मात्र दोघांनाही सारखाच लागतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी जवळपास तिघांत एकाच्या जननेंद्रियावर एचपीव्हीचा कोणता ना कोणता प्रकार आढळला, आणि पाचांत एकाकडे धोक्याचा प्रकार होता. यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. खाज नाही, जळजळ नाही, डाग नाही. शरीर आपणहून एक-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावतं आणि माणसाला तो येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

मग मूल होण्या-न होण्याशी त्याचा संबंध कुठे येतो?

विषाणू त्वचेपुरता राहिला, तर शुक्राणूंशी त्याचा फारसा संबंध येत नाही. काही पुरुषांच्या बाबतीत मात्र तो वीर्यातही सापडतो, आणि प्रश्न तिथून सुरू होतो. इटलीतल्या पडुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. विषाणूचं बाहेरचं कवच शुक्राणूच्या डोक्याला जाऊन चिकटतं, असं त्यांना दिसलं. गोचीड जनावराच्या कातडीला धरून बसते, तसं. शुक्राणूच्या आत शिरून विषाणू तिथे आपली संख्या वाढवत नाही, तो नुसता धरून राहतो.

याचा परिणाम सगळ्यात जास्त वेळा दिसला तो शुक्राणूंच्या गतीवर. ज्यांच्या वीर्यात एचपीव्ही होता, त्यांचे शुक्राणू पुढे सरकायला मंद आढळले. संख्येत आणि आकारात फारसा फरक पडत नाही, असं बहुतेक ठिकाणी दिसलं. काही पुरुषांत शरीराने स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती. ही प्रतिपिंडं शुक्राणूंना एकमेकांत अडकवतात किंवा त्यांची वाट अडवतात. शुक्राणूंमधल्या डीएनएचे तुकडे होण्याचं प्रमाण वाढल्याचंही काही संशोधकांनी नोंदवलं आहे. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांच्या वीर्यात एचपीव्ही इतर पुरुषांपेक्षा जास्त वेळा सापडतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. काही अभ्यासांत एचपीव्ही असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंत काहीच फरक दिसला नाही. वीर्यात विषाणू असूनही ज्यांना सहज मुलं झाली असे बाप भरपूर आहेत. म्हणून डॉक्टर ‘संबंध असू शकतो’ एवढंच म्हणतात. त्याच्या पुढे जाऊन कोणी छातीठोकपणे ‘हेच कारण’ म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

मग आम्ही एचपीव्हीच्याच मागे लागायचं का?

नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत असतं. त्या कारणांच्या यादीत एचपीव्ही खूप खाली येतो. आपल्या भागात आधी बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली म्हणजे खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जातो आणि माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात धरून असतो. तंबाखूचा शुक्राणूंच्या संख्येवर आणि गतीवर वाईट परिणाम होतो, मग ती ओढलेली असो वा चघळलेली. ‘मी बिडी-सिगरेटला हात लावत नाही’ असं सांगणाऱ्याच्या खिशात खर्र्याची पुडी असते आणि ते त्याला व्यसन वाटतच नाही. विचारताना नेमकं खर्रा म्हणूनच विचारावं लागतं.

दुसरी फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवतं. अंगावर थोडं थोडं जाणारं औषध मात्र कोणी मोजत नाही. शेतीतली रसायनं शुक्राणूंना मारू शकतात, हे जगाला 1977 मध्येच कळलं होतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मुलं होत नव्हती, आणि तपासलं तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच उरले नव्हते. सगळीच औषधं तितकी घातक नसतात. तरी उघड्या पायांनी, ओल्या शर्टाने, वाऱ्याच्या उलट दिशेला पंप मारणं थांबवा. घरी आल्यावर आधी अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा.

तिसरी गोष्ट वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात. उभं राहिल्यावर अंडकोषाच्या वर, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, शिरांचा गुंता हाताला लागतो. पुरुषांमधल्या वंध्यत्वाच्या कारणांत हे फार नेहमीचं आहे, आणि योग्य रुग्णाला ऑपरेशनने फरक पडतो. याशिवाय वयात आल्यावर झालेले गालगुंड, मधुमेह, दारू, भट्टीजवळचं काम, आणि जिममध्ये शरीर कमवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. ही इंजेक्शनं ‘ताकद’ म्हणून घेतली जातात, पण त्यांनी शुक्राणू तयार होणंच बंद पडू शकतं.

माह्या बायकोच्या रिपोर्टात एचपीव्ही निघाला. माह्याशिवाय तिचं कोणी होतं का? खरं सांगा.

रिपोर्टावरून हे सांगताच येत नाही. एचपीव्ही शरीरात कित्येक वर्षं गप्प राहू शकतो आणि मग एखाद्या तपासणीत दिसतो. तो लग्नाआधीचा असू शकतो, दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो, आणि तुमच्याकडून तिच्याकडे गेलेला असू शकतो. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो, कारण त्या जोडीदाराला तो कधीतरी लागलेला असतो. कोणाकडून कोणाकडे आणि कधी गेला, हे सांगणारी तपासणी नाही.

या एका कागदावरून बायकांना माहेरी पाठवलं जातं, मारहाण होते. माझं एवढंच म्हणणं आहे, की रिपोर्ट हातात आला त्या दिवशी घरात कोणाला काही बोलू नका. दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसा आणि हाच प्रश्न तिथे विचारा. उत्तर दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडलं पाहिजे.

पुरुषासाठी एचपीव्हीची तपासणी असते का?

पुरुषांसाठी मान्यता मिळालेली, रोजच्या वापरातली अशी तपासणी नाही. बायकोला निघाला म्हणून नवऱ्यानेही ती करावी, असंही डॉक्टर सांगत नाहीत. वीर्यातला विषाणू पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने, शोधता येतो, पण ते मोठ्या प्रयोगशाळांचं काम आहे आणि साध्या वीर्य तपासणीत तो दिसत नाही. सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, किंवा शुक्राणूंची गती कमी आहे आणि त्याचं दुसरं कारण मिळत नाही, अशा वेळी वंध्यत्वाचे तज्ज्ञ त्याचा विचार करू शकतात. गावातून पहिल्याच फेरीत हजारो रुपये या तपासणीवर घालवू नका.

मग पहिल्या फेरीत काय करायचं?

वीर्य तपासणी. वंध्यत्वाच्या सगळ्या तपासण्यांत ही स्वस्त, बिनदुखण्याची आणि सगळ्यात जास्त माहिती देणारी. बायकोच्या नळ्यांचा फोटो काढण्याआधी ही झालीच पाहिजे. बायकोला टेबलावर झोपवून, दुखवून, पैसे घालवून झाल्यावर कळावं की नवऱ्याची तपासणीच झालेली नव्हती, हा तिच्यावर अन्याय आहे.

नमुना देण्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळा. डबी लॅबचीच घ्या. औषधाची रिकामी बाटली धुऊन नेली तर साबणाच्या अंशानेही शुक्राणू मरतात. तेल, साबण, थुंकी वापरू नका. मेडिकलमधल्या साध्या निरोधमध्येही नमुना घेऊ नका. पहिल्या थेंबापासून सगळं डबीत आलं पाहिजे. सुरुवातीचा भाग सांडला तर तसं स्पष्ट सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये तपासायला लागतो. पुसद किंवा अहेरीच्या आतल्या गावातून एसटीने निघालात तर तासात पोहोचणं शक्य नाही, म्हणून लॅबमध्ये जाऊनच द्या. तिथे खोली मागा. संडासात जाऊन या म्हणाले, तर दुसरी लॅब बघा. जवळच राहत असाल आणि घरून आणत असाल, तर डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवा. थंडीत गाडीच्या डिक्कीत ठेवून आणलेला नमुना गारठतो आणि गती खोटीच कमी दिसते.

गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया किंवा कसलाही जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून जुन्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टात दिसतो.

रिपोर्टात गती कमी लिहिली आहे. ती एचपीव्हीमुळेच ना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे वीर्य 1.4 मिली, दर मिलीला 16 मिलियन म्हणजे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के आणि नीट आकाराचे 4 टक्के, या खालच्या मर्यादा आहेत. त्यापेक्षा थोडं कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आलं म्हणजे नक्की होईल असंही नाही. नीट आकाराचे चारच टक्के वाचून माणसं घाबरतात. ती मर्यादाच तेवढी आहे.

गती कमी असेल तर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. मधल्या काळात खर्रा पूर्ण बंद. एका रिपोर्टावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका आणि एका रिपोर्टावर एचपीव्हीला दोषही देऊ नका.

एचपीव्हीवर औषध काय?

विषाणू मारणारं औषध नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काढा नाही. बहुतेकांचं शरीरच तो काढून टाकतं. ‘एचपीव्ही मुळापासून घालवतो’ अशी जाहिरात करणाऱ्याला पैसे देऊ नका.

चामखिळींवर मात्र उपचार आहेत. लावायचं औषध, गोठवणं, विजेने जाळणं. हे त्वचारोग डॉक्टरांकडून करून घ्या. बिब्ब्याचं तेल, चुना, बॅटरीचं पाणी असलं काही त्या नाजूक जागी लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, जखम चिघळते आणि मग मूळ चामखिळीपेक्षा मोठं दुखणं होऊन बसतं. बायको गरोदर असेल किंवा राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण पोडोफायलिनसारखी काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. चामखीळ गेली तरी विषाणू काही काळ राहू शकतो आणि ती पुन्हा येऊ शकते.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं ठरलं आहे. वीर्य धुऊन घेतात ना, मग विषाणू जातो?

नेहमीच्या धुण्याने तो पूर्ण निघत नाही, असं पडुआच्या अभ्यासांत दिसलं. धुण्याच्या वेगळ्या पद्धतीही तिथे वापरून पाहिल्या गेल्या, पण त्या सगळीकडे मिळत नाहीत. एचपीव्हीमुळे गर्भ पडण्याचा धोका काही अभ्यासांत वाढलेला दिसला, काहींत दिसला नाही. केंद्रात विचारायचे प्रश्न दोन: माझ्या बाबतीत एचपीव्हीच्या तपासणीने निर्णयात काही फरक पडणार आहे का, आणि विषाणू जाण्याची वाट पाहिली तर बायकोच्या वयामुळे तोटा होईल का? केंद्र आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे.

मी मिरच्या तोडाले तेलंगणात जातो. तीन-चार मह्यने बाहेरच. लग्नाले दोन वर्स झाले, मंग आमाले वंध्यत्व म्हणाचं का?

निरोध किंवा कोणतंही साधन न वापरता एकत्र राहून बारा महिने झाले आणि दिवस गेले नाहीत, तर तपासणीला सुरुवात करतात. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. तुमचे बाहेरचे महिने यातून वजा करा. गावी आल्यावर दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत एक-दोन दिवसांआड संबंध ठेवा. मजुरीवरून परतताच लगेच महागड्या तपासण्यांत पडू नका.

निरोध वापरला तर एचपीव्ही होत नाही?

धोका कमी होतो, जात नाही. झाकल्या न गेलेल्या त्वचेवरूनही तो पसरतो.

मुलाला लस द्यावी का? लसीनेच मूल होत नाही, असं गावात म्हणतात.

लसीने वंध्यत्व येत नाही. लसीत जिवंत विषाणू नसतोच, त्याच्या कवचातल्या प्रथिनाची नक्कल असते. 2006 पासून जगभर कोट्यवधी डोस दिले गेले आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला 2022 मध्ये भारतात परवानगी मिळाली. ती 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांपासून वाचवते आणि 9 ते 26 वयाच्या मुलामुलींना देता येते. चौदाव्या वर्षापर्यंत दोन डोस, त्यानंतर तीन. सरकारी पातळीवर भर मुलींवर आहे, तो योग्यच आहे. घरात एकाच्याच लसीचे पैसे असतील तर आधी मुलीला द्या. दोघांचे असतील तर मुलालाही द्या, त्याच्या स्वतःसाठी आणि उद्या त्याच्या घरी येणाऱ्या मुलीसाठी.

आधीच झालेला संसर्ग लस काढून टाकत नाही. लस दिल्यावर वीर्यातला विषाणू लवकर जातो का, यावर काही छोटे अभ्यास झाले आहेत, पण वंध्यत्वावरचा उपचार म्हणून ती देत नाहीत.

आई म्हणते दुसरी कर. काय सांगू तिले?

आईला तुमचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट दाखवा. तो काढलाच नसेल तर आधी काढा. दोष तुमच्या बाजूला असेल, तर दुसरी आणून तिलाही तेच भोगायला लावाल. आणि हे आईशी बोलायचं काम तुमचं आहे, बायकोचं नाही.

बायकोने काय करावं?

तिशी ओलांडली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी. 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावून ती करतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि दर पाच वर्षांनी करायचं. तिला एचपीव्ही निघाला म्हणून तिला मूल होणार नाही, असं अजिबात नाही.

आशाताईला सांगितलं तर गावभर होईल. कुठे जायचं?

आशाताईंना गुप्तता पाळायला शिकवलेलं असतं आणि बहुतेक जणी पाळतात. तरी संकोच वाटत असेल तर थेट जिल्हा रुग्णालयातल्या किंवा मेडिकल कॉलेजातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. गुप्तांगाच्या आजारांची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात. समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात. दोघं सोबत जा आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या. केसपेपरच्या खिडकीवर रांगेत मागे माणसं उभी असतात, तिथे आजार सांगायची गरज नाही. ‘त्वचारोग विभागात जायचं आहे’ एवढं पुरतं.